शेतावरून हॉस्टेलात: पहाटेची जाग, तीच भूक आणि तांदळातले सोंडे

वाफसा (प्रश्न)

शेतावर वाढलेला, कॉलेजचं पहिलं वर्ष. तिघांत एक खोली, मजल्याला एक सामाईक स्वयंपाकघर, खाली कपडे धुण्याचं एक यंत्र. अडचणी एकदमच मांडतो, ज्याला जे ठाऊक असेल ते सांगा.

पहाटे साडेचारला डोळे आपोआप उघडतात. खोलीतले दोघं मात्र एकच्या आत झोपत नाहीत, त्यामुळे झोप दोन्हीकडून तुटते. भूक शेतावरची आहे तेवढीच, पण काम काही नाही; विजारी कमरेला घट्ट व्हायला लागल्या. घरून आणलेल्या तांदळात सोंडे झालेत, मुगात भुंगे. वाळवण घालायला गच्ची नाही. घरून दिवसातून कितीदा तरी फोन येतात (पंप पाणी उचलत नाही, अमकी गाय गाभण राहण्यासाठी कधी भरवली होती, पान्यांचा डबा कुठे आहे) आणि ते नेमके तास चालू असतानाच. शिवाय शेतावरून परत आलो की कपड्यांचा वास आणि डाग, त्यावरून खोलीत कुरबुर.

"सवय होईल" हे उत्तर नको.

रातपाळी

झोपेचं सांगतो. साडेचारची जाग मोडायची आहे का, हे आधी ठरव. माझ्या मते मोडू नकोस. नऊला झोपलास तर साडेसात तास होतात, आणि साडेचार ते साडेसहा या वेळात सामाईक अभ्यासिका रिकामी असते. सगळ्यात अवघड विषय तिथे न्यायचा. अडचण फक्त नऊ ते एक या चार तासांतल्या दिव्याची आणि आवाजाची आहे.

दिव्याला डोळ्यांवरची पट्टी. नाकाच्या बाजूने उजेड आत येत नाही ना, ते बघून घे. आवाजाला फोमचे कानबोळे, पण ते बहुतेक जण चुकीचे घालतात. बोळा बोटांत वळून अगदी बारीक करायचा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो लागलेलाच नाही. मळला किंवा नीट फुगेना झाला की बदल, नाहीतर कानाला त्रास होतो. बोळे घातल्यावर गजर ऐकू येणार नाही, म्हणून फोन थरथरता ठेवून उशीच्या खोळीत सरकव.

थोडं उशिराकडे सरकायचंच असेल, समज साडेपाचला उठायचंय, तर ते उजेडाने साधतं, मनाने ठरवून साधत नाही. शेतावर तू उजाडल्यापासून उघड्यावर असायचास, म्हणून शरीराचं घड्याळ लवकरचं लागलंय. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, खोलीत दोन-तीनशे. उठल्याउठल्या पडलेला भरपूर उजेड झोप अलीकडे ओढतो, संध्याकाळचा पलीकडे ढकलतो. तेव्हा काही दिवस पहाटे मंद दिव्यात बस, संध्याकाळी बाहेर चाल, आणि झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५-२० मिनिटांनी पुढे ने. एकदम तासाने सरकवलीस तर जाग साडेचारलाच येईल आणि एक तास हकनाक जाईल.

चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. नऊला झोपणाऱ्याने दुपारी दोननंतर ते घेऊ नये. दुपारची डुलकी २० मिनिटांची, तीनच्या आत.

खोलीतल्यांशी करार दोन्ही बाजूंनी हवा: दहानंतर छताचा दिवा बंद, फक्त टेबलावरचा, आणि सहाच्या आत तुझ्याकडून पिशव्यांची खसफस नाही, कपाटाचं दार नाही. पहाटे लागणारं सगळं रात्रीच एका पिशवीत भरून दाराशी ठेव.

सडाफटिंग

वजनाचं सोपं आहे. रात्रीचं जेवण बंद कर, बास.

पासरी

सडाफटिंग, नऊला झोपून साडेचारला उठणाऱ्याने रात्रीचं बंद केलं तर पहाटे पाचला पोटात कावळे ओरडतील आणि हा बिस्किटांचा पुडा संपवेल. त्यापेक्षा हिशेब करू.

शरीर किती ऊर्जा जाळतं याचं एक सोपं माप आहे. शांत बसलेला माणूस वजनाच्या दर किलोमागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी जाळतो. वर्गात बसून नोंदी उतरवणं म्हणजे त्याच्या १.३ पट, आणि खोऱ्याने माती ओढणं, वैरण उचलणं, भरल्या बादल्या वाहणं म्हणजे साधारण ५ पट. वजन ६० किलो आणि शेतावरचं अंगमेहनतीचं काम दिवसाला ४ तास धरलं, तर ५ × ६० × ४ = १२००. तेच चार तास बाकावर बसून १.३ × ६० × ४ = ३१२. फरक जवळजवळ ९००. कोरड्या धान्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० च्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणजे रोजचं पाव किलो कोरडं धान्य आता शरीराला नको आहे. तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो, त्या हिशेबाने ते ६५०-७५० ग्रॅम भात झाला. ताटात डोळ्यांना दिसेल असा ढीग आहे तो.

भूक मात्र लगेच कमी होत नाही. म्हणून एकदम पाव किलो तोडू नकोस. शिजवायच्या आधी कोरडं धान्य एकाच वाटीने मोज आणि दर चार-पाच दिवसांनी ३०-४० ग्रॅम कमी कर. कापायचं ते धान्य, तेल-तूप आणि साखर. कडधान्य, अंडी, दूध, भाजी यांना हात लावायचा नाही. प्रथिनं किलोमागे निदान ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅमच्या आसपास. कोरड्या डाळीच्या १०० ग्रॅममधून २०-२४ ग्रॅम मिळतात. डाळ आणि भाजी आधी वाढून घे, भात शेवटी. रिकामी झालेली जागा भाजीने भरली की भूक फारशी ओरडत नाही.

दुधावर नजर ठेव. घरचं साय न काढलेलं गाईचं दूध अर्धा लिटर म्हणजे सव्वातीनशे किलोकॅलरी. शेतावर ते सहज जिरायचं. गोड चहाचे कपही मोज, ते कोणी मोजत नाही.

मोजमाप वजनाने रोज नको, पाण्याने ते किलोभर वरखाली होतं. आठवड्यातून एकदा सकाळी पोट साफ झाल्यावर बेंबीच्या रेषेत टेप लाव. महिनाभरात टेप पुढे सरकला नाही म्हणजे प्रमाण बसलं.

आणि चालणं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम, अशी आहे. शेतावरच्या माणसाला व्यायामशाळेचं वावडं असतं, ते ठीक. पाठीवरच्या पिशवीत १० किलो तांदूळ घालून चार मजले चढउतार कर. ओझं वाहायची सवय असलेल्याला तेच मानवतं.

कणगी

आता सोंड्यांचं. हे जरा सविस्तर, कारण लोक चाळण मारतात आणि काम झालं असं समजतात.

सोंडे हॉस्टेलात आले नाहीत, ते दाण्यातून आलेत. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच बसवते. अळी, कोष, सगळं दाण्याच्या आत होतं. २८-३० अंशांना अंड्यापासून किडा बाहेर यायला साधारण महिना. म्हणून घरून निघताना स्वच्छ दिसणारा तांदूळ महिन्याभराने चालायला लागतो. चाळून बाहेरचे जातात, आतले राहतात.

मुगातला भुंगा वेगळा. तो अंडी दाण्याच्या वर चिकटवतो; नीट पाहिलंस तर टोचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसतील. अळी तिथून आत शिरते. त्याला अखंड दाणा लागतो, फोडलेल्या डाळीत त्याचं फारसं जमत नाही. तेव्हा लांब मुदतीला डाळ आण, अख्खं कडधान्य महिनाभराला पुरेल एवढंच.

खात्रीचा उपाय म्हणजे थंडी. उणे १८ अंशांचा फ्रीजर, किमान ४ दिवस. पुडकं जाड असेल तर आठवडा, कारण मधल्या दाण्यांपर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. त्यात अंडी-अळ्यासुद्धा मरतात. नुसत्या फ्रीजच्या कप्प्यात किडे मरत नाहीत, वाढ थांबते एवढंच. बाहेर काढलं की पुन्हा सुरू.

दुसरा उपाय हवा तोडण्याचा. घट्ट झाकणाच्या, आतून खडखडीत कोरड्या प्लास्टिकच्या बाटल्या घे. २ लिटरच्या बाटलीत दीड किलोच्या वर तांदूळ मावतो. आपटत आपटत अगदी गळ्यापर्यंत भर आणि झाकण आवळ. आत उरलेला ऑक्सिजन किडे स्वतःच वापरून संपवतात आणि गुदमरतात. अर्धी भरलेली बाटली या कामाची नाही, आणि दर दोन दिवसांनी उघडलेलीही नाही. म्हणून मोठ्या डब्यापेक्षा लहान बाटल्या बऱ्या: एक चालू, बाकी बंद.

अख्ख्या कडधान्याला खायच्या तेलाचं बोट: किलोला ५ मिलि, म्हणजे एक चहाचा चमचा. दाणा न् दाणा चकाकेपर्यंत चोळायचं. त्याने वरची अंडी गुदमरतात. प्रमाण वाढवलंस तर तेल खवट होऊन वास धरतं.

कडुनिंबाचा पाला, लवंगा वगैरेंनी बाहेरचा किडा जरा बिचकतो, दाण्यातल्या अळीला त्याची खबरही नसते. बोरिक पावडर नको, ती पोटात जाते. घरात मारायचा फवारा धान्याच्या जवळपासही नको.

निघण्याआधी घरीच दोन गोष्टी बघ. एक, ओल. तांदूळ-गव्हात १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग दाणे आणि चमचाभर भाजून कोरडं केलेलं मीठ घाल, दोन-तीन मिनिटं हलव आणि थोडं थांब. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, असं धान्य बंद बाटलीत भरशील तर बुरशी येईल. दोन, ऊन. घरी अंगण आहे तर तिथेच वापर: काळ्या कापडावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबून. दाणा ५७ अंशांवर तासभर राहिला की मुगातला भुंगा सगळ्या अवस्थांत मरतो. थर्मामीटर थरात खुपसून बघ, अंदाजाने नको. बियाणं मात्र असं तापवायचं नाही, उगवण कमी होऊ शकते.

पीठ तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्तीचं आणू नकोस. दळलं की अंकुरातलं तेल हवेला लागून खवट होतं, आणि पिठात सोंडे नाही तर तांबडे भुंगेरे होतात, ते फटीफटीत शिरतात. फळीच्या सांध्यात सांडलेलं पीठ सुरीच्या टोकाने उकरून काढ, सगळी पैदास तिथे असते.

किडका तांदूळ विषारी नसतो. थोडे किडे असतील तर गोठवून, चाळून, धुऊन खाता येतो. पण पीठ पडलेला, कुबट वासाचा, गुठळ्या झालेला असेल तर टाकून दे.

वाफसा

कणगी, बापरे, एवढं माहीत नव्हतं. एक विचारायचं राहिलं. घरी कोठीत गोळ्या ठेवल्या होत्या. आणलेल्या एका पोत्यात कापडी पुरचुंडी निघाली, आत राखाडी भुकटी. ती पोत्यात तशीच राहू दिली तर उरलेले किडे मरतील ना?

कणगी

नाही, आणि आधी हे वाच, बाकी सगळं नंतर.

त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तोच किडे मारतो आणि माणूसही. उरलेली राखाडी भुकटी बरीचशी निकामी झालेली असते, पण आतला काही भाग शिल्लक असू शकतो आणि त्यातून वायू सुटतच राहतो. झोपायच्या खोलीत ती एक रात्रही नको.

आत्ता करायचं ते असं. खिडक्या-दार सताड उघड, तिघंही बाहेर पडा, शेजारच्या खोल्यांनाही उठवा. पोतं, पुरचुंडी हातात घेऊ नकोस, झाडू नकोस, आणि पाणी तर बिलकूल ओतू नकोस. पाण्याने वायू एकदम सुटतो, पेटही घेऊ शकतो. मोरीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकणं म्हणजे तेच. वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना "धुरी देण्याचं औषध आहे, अॅल्युमिनियम फॉस्फाइड" या शब्दांत सांग, ते अग्निशमन दलाला बोलावतील. शरम वाटून गप्प बसायची ही गोष्ट नाही.

डोकेदुखी, मळमळ, उलटी, छातीत आवळल्यासारखं, धाप यांपैकी कोणालाही काही झालं तर थेट रुग्णालय आणि तिथे औषधाचं नाव आधी सांगायचं. याच्यावर उतारा नाही, लवकर पोचणं हाच उपाय. वासावर विसंबू नकोस. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो म्हणतात, पण तो न येताही वायू असू शकतो.

घरी सांग: धुरी दिलेलं धान्य लेबलवरच्या मुदतीप्रमाणे उघड्यावर वारं देऊन, गोळ्यांच्या पुरचुंड्या मोजून बाहेर काढल्यावरच पोत्यात भरायचं. ठेवल्या किती आणि काढल्या किती, हे कोठीच्या दारावर लिहायचं. राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत धुरी मुळीच नको.

वाफसा

सांगितलं. पोतं आणि पुरचुंडी अग्निशमन दलाच्या माणसांनी नेली, खोली मोकळी करून वारं दिलं. सगळे ठीक आहेत.

तिसरी शिट्टी

बरं झालं. आता शिजवण्याचं थोडक्यात.

जुनं कडधान्य शिजत नाही म्हणून आच वाढवतात, उपयोग होत नाही. ८ ते १० तास भिजव, ते पाणी फेक, नवीन पाण्यात शिजव. पाणी जड असेल तर त्यातला कॅल्शियम साल टणक करतो. लिटरला चिमूटभर खायचा सोडा पुरतो, जास्त घातलास तर साबणासारखी चव येते. टोमॅटो, चिंच, लिंबू, म्हणजे काहीही आंबट, दाणा मऊ झाल्यावरच घाल.

राजमा मंद आचेच्या भांड्यात थेट टाकू नकोस. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. मंद आचेत ते मरत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहून जास्त बाधू शकतो. भिजवून, पाणी फेकून, खळखळ उकळीत निदान १० मिनिटं. मी तर अर्धा तास म्हणेन. मग हवी तेवढी मंद आच.

भात रात्रभर भांड्यात झाकून ठेवायची शेतावरची सवय सोड. शिजवूनही त्यात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा तापवून जात नाही. उरलेला भात ताटात पसरून गार कर, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपव.

भात शिजवायच्या विजेच्या भांड्याचा खटका बुडाशी बसवलेल्या चुंबकावर चालतो. पाणी आहे तोवर बूड १०० अंशांच्या आसपास थांबतं. पाणी आटलं की तापमान त्याच्या वर जातं, चुंबकाची ओढ जाते आणि खटका पडतो. म्हणून बूड आणि तवा यांच्यामध्ये एकही दाणा अडकलेला नको, नाहीतर एक बाजू करपते आणि एक कच्ची राहते. पाणी उकळायच्या किटलीत मात्र भात लावू नकोस. फेस वर येऊन खटक्यात शिरतो.

दावण

फोनचं बोलतो. घरचे तुला छळत नाहीयेत. तुझ्या डोक्यात असलेली माहिती घरात कुठेच लिहिलेली नाही, म्हणून फोन येतात. ती कागदावर, आणि कागद ज्या-त्या जागेवर गेला की निम्मे फोन थांबतील.

आठवडाभर प्रत्येक फोनचं कारण एका ओळीत लिही. तेच तेच प्रश्न दिसतील. मग पुढच्या खेपेला घरी गेलास की वहीत न लिहिता यंत्रावर लिही. वही शोधायलाही फोन येतो.

पंपाचं बघ. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून, ऑइलपेंटने, याच क्रमाने: विहिरीतलं पाणी फूटव्हॉल्व्हच्या (पाइपच्या बुडाशी असलेल्या झडपेच्या) वर आहे का? पंप बंद करून प्रायमिंगच्या (पंपात पाणी भरायच्या) भोकातून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरा. भरलेलं पाणी खाली उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय, बहुधा काडी-कचरा अडकलाय. भरून राहतं पण चालू केल्यावर उचलत नाही, तर सक्शन पाइपच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या) सांध्यातून हवा ओढतोय. लाइनमनचं काम झाल्यापासून पाणी कमी येतंय, तर मोटर उलटी फिरतेय का ते बाणाशी ताडून बघा. उलटी असेल तर वायरमनला बोलवा, स्वतः वायरी बदलू नका. पाण्याशिवाय पंप चालू ठेवायचा नाही, सील जळतं. हे सहा मुद्दे लावले की पंपाचा फोन तुला येणार नाही. पाणी पंपाच्या ६-७ मीटर खाली गेलं असेल तर काहीही करून तो ओढणार नाही, पंप खाली उतरवावा लागतो, हेही लिहून टाक.

गाईंच्या तारखा मात्र तूच सांभाळ, ते काम दुरून छान होतं. गाय भरवल्याचा निरोप आला की त्याच दिवशी फोनमध्ये चार आठवणी लाव. १८वा दिवस: आजपासून आठवडाभर उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते का बघा (माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कधीही). ६०वा: डॉक्टरकडून गाभण तपासणी. २२०वा: आटवायला घ्या, म्हणजे विण्याआधी दोन महिने कासेला विश्रांती मिळते. २७५वा: गोठा झाडून वेगळी बांधा; गाय सुमारे २८० दिवसांनी विते. म्हैस असेल तर ३१० धरून शेवटच्या दोन तारखा महिन्याने पुढे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे गोठ्याच्या खांबावर.

प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेल्या गाईच्या पायाला रंगीत पट्टी बांधायला सांग आणि लेबलवरची दूध वगळायची मुदत फोनवर कळवायला सांग. पट्टी कधी सोडायची ते तू सांगायचं. धार काढणारा माणूस बदलला की नेमकी हीच चूक होते. ट्रॅक्टरचं ऑइल तारखेवर नाही, तासांवर बदलतात. दर रविवारी तासांच्या मीटरचा एक फोटो मागव, बाकी हिशेब तुझ्याकडे.

फोनच्या वेळा दोनच ठरव: दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळची धार झाल्यावर. मधल्या वेळचा फोन फक्त खऱ्या अडचणीचा. पण त्यातही एक गंमत आहे: गाय कळा देतेय आणि तासाभरात काही पुढे सरकलं नाही, तर फोन डॉक्टरांना करायचा, तुला नाही. तू चारशे कोसांवरून काय करणार? डॉक्टर, वायरमन, शेजारी यांचे नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून ये.

सुगीची रजा. सत्र सुरू होतानाच कॉलेजचं वेळापत्रक आणि पेरणी-कापणीचे अंदाजे आठवडे शेजारी ठेव. जे आठवडे एकमेकांवर चढतात त्यांत प्रयोगशाळेचे तास कुठले ते बघ, कारण लेखी विषय वाचून भरून निघतो, प्रयोग निघत नाही. प्राध्यापकांना आधी, तारखांसह भेट. परत आल्यावर सांगितलेलं कारण खरं असलं तरी सबब वाटते.

पीळ

कपडे. कामाचा एक जोड आणि बूट शेतावरच ठेव, इकडे आणूच नकोस. निम्मी कुरबुर तिथेच संपते. बुटांबरोबर माती आणि शेण येतं, आणि कृषी किंवा पशुवैद्यकाच्या अभ्यासाला दुसऱ्यांच्या गोठ्यात जात असशील तर रोगही जातो. आधी घासून धुवायचे, मग जंतुनाशक. शेण लागलेल्या तळव्यावर नुसतं जंतुनाशक ओतलं तर ते शेणातच संपतं.

तरी काही आलंच तर: चिखल ओला असताना चोळू नको, वाळू दे, ब्रशने झाड, मग धू. ग्रीसवर पाणी लागायच्या आधी भांडी घासायचा द्रव साबण चोळून १० मिनिटं ठेव. दूध आणि रक्त गार पाण्यातच, गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं. केळीचा किंवा तसा कुठलाही चीक वाळून काळा पडला की जवळजवळ निघत नाही, त्यावर साबण खर्च करू नको.

फवारणीचे कपडे सामाईक यंत्रात कधीच नाहीत. ते घरीच, वेगळे, कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, दोनदा खळबळून. औषध पाणी न मिसळता अंगावर सांडलं असेल तर तो कपडा टाकून द्यायचा, धुऊन तो शुद्ध होत नाही.

वास राहतो तो बहुधा साबण जास्त पडल्याने आणि यंत्र कोंबून भरल्याने. ड्रममध्ये कपड्यांच्या वर हात आडवा मावेल एवढी जागा सोड. खोलीत वाळत घालताना दोन कपड्यांत हातभर नाही तरी वीतभर अंतर आणि पंखा चालू.

एक न विचारलेलं. सत्रभर बसून एकदम सुगीला जाशील तेव्हा पहिल्याच दिवशी पूर्वीइतकं उचलू नकोस. उन्हात कामाला परतणाऱ्या अनुभवी माणसासाठी अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेचं प्रमाण असं आहे: पहिल्या दिवशी नेहमीच्या ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्यापासून पूर्ण. नवख्याला २० टक्क्यांपासून चढवतात. स्नायू खूप दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर ते साधं अंग दुखणं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

वाफसा

दावण, पंपाची यादी तशीच्या तशी घेतो. कणगी, सामाईक फ्रीजरचा एकच कप्पा मिळतो, तांदूळ २० किलो आहे. कसं बसवू?

कणगी

एकदम नाही, खेपा कर. किलो-किलोच्या पिशव्या, हवा काढून, दोन बोटं जाडीच्या सपाट. एका खेपेला चार-पाच बसतील. ४ दिवस ठेवून काढ, पुढच्या घाल. बाहेर काढलेली पिशवी लगेच उघडू नकोस, पूर्ण दिवस बंद राहू दे. गार दाण्यांवर हवेतली वाफ बसते आणि तीच ओल पुढे बुरशी आणते. पिशवीचं बाहेरचं अंग कोरडं झालं की तांदूळ बाटलीत, गळ्यापर्यंत, झाकण घट्ट, तारीख लिहून. थांबलेल्या पिशव्या दुहेरी बांधून खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेव आणि गोठवून झालेल्या तांदळाच्या बाटल्यांपासून लांब. वीस किलोला महिना लागणार नाही, पण तोवर जास्त सोंडे दिसतात ती पिशवी आधी आत घाल.